टोमणेवाल्याशी भांडू नका, उत्तर काढून घ्या

लिनक्सचं (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) काही अडलं, समजा वायफाय चालेना, म्हणून ऑनलाइन विचारावं तर पहिला रिप्लाय हमखास "गूगल बंद पडलंय का?" असा येतो, मग आपण त्याच्याशी हुज्जत घालत बसतो नि वायफाय राहतं तसंच बंद.

१. टोमण्याला उत्तर द्यायचंच नाही, स्मायलीसुद्धा नको.

२. त्याच प्रश्नाखाली नवी माहिती टाका: उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २२.०४ आहे की २४.०४, वायफाय कार्ड कुठलं, टर्मिनलमधला (कमांड टाइप करायची खिडकी) एरर जसाच्या तसा कॉपी-पेस्ट. मोबाइलने स्क्रीनचा वाकडातिकडा फोटो काढून टाकलात तर लोक खवचटपणा करणारच, त्यात त्यांचंही फार चुकत नाही म्हणा.

३. काय काय करून बघितलं तेही एका ओळीत लिहा, म्हणजे "रिस्टार्ट केलं का" वाले आपोआप गप्प.

एवढं दिसलं की ज्याला खरंच येतं त्याला उत्तर द्यायला सोपं जातं. तरी कोणी मागेच लागला तर सरळ ब्लॉक.

फक्त एक सांभाळा, कोणी चेष्टेत 'सुडो आरएम -आरएफ' (sudo rm -rf) असली कमांड दिली तर पेस्ट करू नका, ती काही न विचारता फाइली उडवते आणि त्या रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत.