'क्वाइट गुड' म्हणजे नेमकं किती चांगलं?

इंग्रजी बोलणाऱ्या देशात नव्याने आलेल्या माणसाला धास्ती असते ती व्याकरणाची आणि उच्चारांची. माझ्या मते त्याहून आधी कान द्यायला हवा तो 'व्हेरी', 'क्वाइट', 'टू', 'रियली' अशा छोट्या शब्दांकडे. मुख्य शब्द आपल्याला कळलेला असतो, पण त्याला जोर किती द्यायचा हे ही मंडळी ठरवतात. व्याकरण चुकलं तर ऐकणारा सांभाळून घेतो. इथे मात्र चूक झाली आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, तुम्हाला तसंच म्हणायचं होतं.

सगळ्यांत फसवा 'क्वाइट'. अमेरिकेत तुमच्या कामाला कुणी 'क्वाइट गुड' म्हटलं तर खुशाल आनंद माना. ब्रिटनमध्ये त्याच शब्दांचा अर्थ बरेचदा 'बरं आहे, चालेल' इतकाच असतो. तिथे आवाजाचा जोर कुठे पडतो ते ऐका: 'क्वाइट'वर पडला तर कौतुक हातचं राखून केलेलं असतं आणि पुढे 'पण' येण्याची शक्यता दाट असते. विशेषणच टोकाचं असेल, उदाहरणार्थ 'इम्पॉसिबल' किंवा 'सर्टन', तर मात्र 'क्वाइट' म्हणजे 'पूर्णपणे'. 'क्वाइट इम्पॉसिबल' ऐकून 'जरा अवघड दिसतंय' अशी समजूत करून घेऊ नका, तो स्वच्छ नकार आहे. आणि 'क्वाइट अ फ्यू'मध्ये 'फ्यू' असलं तरी अर्थ 'बरेच' असा होतो.

'टू'बद्दल तर मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगतो. आपण तो 'खूप'च्या जागी सर्रास वापरतो. यजमानांना 'युअर हाउस इज टू बिग' म्हणताना आपल्या मनात कौतुक असतं, त्यांच्या कानावर मात्र 'घर जरा जास्तच मोठं आहे' असं पडतं. 'टू'मध्ये मर्यादा ओलांडल्याचा भाव आहे. तिथे 'सो बिग' किंवा 'रियली बिग' म्हणा. नकारासोबत त्याची धार जाते: 'नॉट टू बॅड' हे बऱ्यापैकी समाधानाचं उत्तर आहे.

'रियली'ची जागा बदलली की अर्थ बदलतो. 'आय डोन्ट रियली लाइक इट' म्हणजे 'मला ते फारसं आवडत नाही'. 'आय रियली डोन्ट लाइक इट' म्हणजे 'मला ते मुळीच आवडत नाही'. पहिलं वाक्य चारचौघांत चालून जातं, दुसऱ्याने समोरचा दुखावू शकतो. घाईत बोलताना आपल्या तोंडून नेमकं दुसरंच निघतं, म्हणून ही जोडी मोठ्याने म्हणून जिभेवर बसवून घ्या.

'व्हेरी' कुठेही जोडता येत नाही. 'टायर्ड'ला चालतो, पण 'एक्झॉस्टेड'मध्ये थकव्याची परिसीमा आधीच आलेली असल्याने तिथे 'अ‍ॅब्सोल्यूटली' लागतो. 'बेटर'च्या आधीही 'व्हेरी' येत नाही, 'मच बेटर' म्हणतात. 'फार बेटर'ही म्हणतात, आणि तो 'फार' इंग्रजीच आहे, बिनधास्त वापरा! काही जोड्या मात्र ठरून गेलेल्या असतात. आपण 'काळाकुट्ट' म्हणतो, 'काळागार' म्हणत नाही, 'हिरवागार' मात्र म्हणतो. त्याला नियम नाही, कानाची सवय आहे. तसंच 'वाइड अवेक', पण 'फास्ट अस्लीप'. 'डीपली सॉरी', 'हायली रेकमेंडेड', 'बिटरली कोल्ड' हेही असेच जोडीनेच लक्षात ठेवायचे. 'टेरिबली सॉरी' ऐकून दचकायचं कारण नाही, आपल्यालाही एखादी गोष्ट 'भयंकर आवडते'च की.

हे शब्द वापरून वापरून झिजतात, हेही ध्यानात असू द्या. 'व्हेरी'चा मूळ अर्थ 'खरा'. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये दृष्टी गेलेला इसहाक मुलाला चाचपून पाहतो तो हा आपला 'व्हेरी सन' एसाव आहे का, म्हणजे खरोखर तोच का, हे ठरवण्यासाठी. पुढे 'व्हेरी'तला खरेपणा विरला आणि नुसता 'खूप' उरला. 'रियली' त्याच वाटेने गेला आणि हल्ली 'लिटरली' चालला आहे. म्हणून कामाच्या पत्रात 'व्हेरी व्हेरी अर्जंट' लिहिल्याने घाई पोचत नाही. काम कोणत्या दिवशी हवं ते लिहा.

उलट बाजूला 'अ बिट' आणि 'स्लाइटली' आहेत, आणि ब्रिटिश माणसाच्या तोंडी ते हलके समजू नयेत. वरिष्ठ 'आय अ‍ॅम अ बिट कन्सर्न्ड' म्हणाले तर हातातलं काम बाजूला ठेवून नेमकं काय खटकलं ते विचारा. बहुतेक वेळा काळजी 'बिट'भर नसते.

डॉक्टरांसमोर मात्र हा संयम अजिबात उचलू नका. आपली माणसं तिथे एकतर 'टू मच पेन' म्हणतात किंवा भिडेपोटी 'लिटल पेन'. दोन्हींतून त्यांना फारसं काही कळत नाही. सौम्य दुखण्याला 'माइल्ड', मध्यम दुखण्याला 'मॉडरेट' आणि असह्य दुखण्याला 'सिव्हिअर' हे शब्द त्यांच्या कामाचे आहेत. 0 ते 10 मध्ये आकडा विचारला तर संकोच न करता जे वाटतं तेच सांगा, आणि दुखण्यामुळे काय करता येत नाही तेही जोडा: झोप लागत नाही, जिना चढवत नाही, हात खांद्याच्या वर जात नाही.