पहिली जोडी: घरच्या घरी कोल्हापुरी घाटाची चप्पल

बूट शिवायचा तर आधी फर्मा लागतो, म्हणजे मापाचं लाकडी पाऊल. चपलेला तो लागत नाही, आपलंच पाऊल फर्मा होतं. म्हणून चामड्याचं काम शिकायचं असेल तर सुरुवात चपलेपासून करा, तीही साध्या घाटाच्या: दोन तळ, दोन कान (तळाच्या दोन्ही बाजूंचे चामड्याचे तुकडे, त्यांना पट्टा शिवतात), पावलावरून आडवा जाणारा एक पट्टा, एक अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची पट्टी). वेणी आणि गोंडे दुसऱ्या जोडीला.

चामडं घेताना घाई करू नका. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडंच हवं. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मुरून डाग गडद झाला तर बहुतेक हवं ते मिळालं. कापलेली कड निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, ते नको. तळासाठी म्हशीचं चार ते पाच मिलिमीटर जाड आणि पाठीकडचं घ्या, पोटाकडचं ताणतं. पट्ट्यासाठी दोन मिलिमीटर पुरे.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन पुठ्ठ्यावर उभे राहा, पेन्सिल उभी धरून कड आखा आणि भोवती पाच मिलिमीटर सोडा. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्या, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. खालचा तळ वरच्यापेक्षा थोडा मोठाच कापा, जादा कड शेवटी उतरवता येते.

तळाचं चामडं अर्धा तास पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळा. ओलं चामडं रापीला, म्हणजे चामडं कापायच्या पात्याला, अडत नाही. कापून झालं की दगडावर ठेवून हातोडीने सगळीकडे सारखं ठोका. तंतू दाबले जातात, तळ जास्त टिकतो.

आता खरं काम. वरच्या तळाला अंगठ्यासाठी चीर पाडा, अंगठ्याची टोकं त्यातून खाली ओढा. कान दोन्ही बाजूंनी तळाखाली मुडपा आणि पट्टा कानांना शिवून घ्या. चिकटवू मात्र काहीच नका. पट्टा आणि कान ओले करा, पाय घाला आणि कान खालून थोडे थोडे ओढत पट्टा पावलावर बसवा. करंगळी जेमतेम शिरेल इतकाच सैल ठेवा. माझ्या पहिल्या जोडीचा पट्टा मी कोरडाच बसवला होता. घातला तेव्हा छान वाटला, पंधरा दिवसांत पाऊल पुढे सरकायला लागलं. तळ शिवलेले होते, उसवल्याशिवाय इलाज नव्हता. म्हणून ओल्या पट्ट्यात अर्धा तास घरात फिरा, पुन्हा ओढा, मग कानांवर पेन्सिलीने खूण करा.

सगळं पूर्ण वाळलं की कान आणि अंगठ्याची टोकं खुणेवर चिकटवा. चिकटणारे भाग आधी पॉलिशपेपरने खरवडा, दोन्हीकडे सोल्युशन (चपलांचा चिकट गोंद) लावा, ओलसरपणा गेला की जोडा आणि ठोका. खिडकी उघडी ठेवा. याच पद्धतीने खालचा तळ बसवा.

कारागीर खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवतात. आपण मेण लावलेला जाड दोरा घेऊ. खालच्या तळाला कडेपासून सहा मिलिमीटर आत खाच पाडा. दोरा खाचेत बसला की जमिनीवर घासत नाही. खाचेत सारख्या अंतरावर आरीने (चामड्याला भोक पाडायच्या टोच्याने) भोकं पाडा आणि दोन सुयांनी शिवा. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते, त्यामुळे एक दोरा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. टाचेला आणखी एक थर जोडा.

कडा घासून ओल्या करा, गुळगुळीत लाकडाने चकाकेपर्यंत रगडा. एरंडेलाचा पातळ हात देऊन रात्रभर सावलीत ठेवा. पहिले आठ दिवस रोज तासभरच घाला आणि पावसात नेऊ नका.

‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. जोडी विकायला काढलीत तर तिला ते नाव लावू नका. ते पिढ्यान्‌पिढ्या रापी चालवणाऱ्यांचं आहे.