आरोग्य किंवा दिव्यांग समितीवर सदस्य झालात? या चुका टाळा

रुग्ण कल्याण समिती, जिल्हास्तरीय दिव्यांग समिती, गावची आरोग्य-पोषण-पाणीपुरवठा-स्वच्छता समिती, अशा ठिकाणी अशासकीय सदस्य म्हणून हल्ली तरुण मंडळी येऊ लागली आहेत. आनंदच आहे. पण नियुक्तीपत्राचा फोटो ज्या वेगानं स्टेटसला लागतो, त्या वेगानं शासन निर्णय काही वाचला जात नाही. मग त्याच त्या चुका.

आपण कुठल्या समितीत बसलोय, हेच माहीत नसणं

रुग्ण कल्याण समितीच्या हातात पैसा असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मूळ रचनेत प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला पावणेदोन लाख ठरलेले होते: एक लाख समितीचा निधी, पन्नास हजार देखभालीला, पंचवीस हजार अबंधित, म्हणजे कामाचं बंधन नसलेले, स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायचे. गावच्या समितीला वर्षाला दहा हजार. याउलट दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ६६ खालचं राज्य सल्लागार मंडळ आणि कलम ७२ खालची जिल्हा समिती यांचं काम सल्ल्याचं आणि आढाव्याचं. तिथं जाऊन "आमच्या उपकेंद्रात गोळ्या नाहीत" म्हणून टेबल बडवून उपयोग नाही. आणि जिथं खर्च मंजूर करता येतो तिथं धोरणावर भाषण देणारेही मी पुष्कळ पाहिलेत. मार्चमध्ये त्यांच्या केंद्राचा निधी अखर्चित राहतो.

बोललो म्हणजे झालं, असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीत एक उत्साही सदस्य होता. केंद्राचं जोतं अडीच फूट उंच. व्हीलचेअर आत न्यायची तर दोघांनी उचलायची. पठ्ठ्यानं अभ्यास केला होता. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे अडीच फुटांना तीस फूट. शिवाय मध्ये सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा, खरखरीत फरशी. सगळं मुद्देसूद मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, सभा उठली.

इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आलं, "रॅम्पबाबत चर्चा झाली. नोंद घेण्यात आली."

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, म्हणजे मंजूर करणे. कुणी वाचून दाखवलं नाही. "कायम?" "कायम." यानंही सही ठोकली. पुढं रॅम्प झाला. दहा फुटांचा. वर चकचकीत टाइल्स, कठडा नाही. तो भांडायला गेला तर सदस्य सचिवांनी शांतपणे फाइल पुढं सरकवली: तीस फूट कुठं लिहिलंय, दाखवा. ठेकेदाराचं बिल तोवर निघालं होतं. त्या रॅम्पवर आता दुचाक्या लावतात.

सचिवांना शिव्या घालणं सोपं आहे. पण इतिवृत्त लिहिणारा लिपिक दिवसभराच्या कामानंतर आठवेल ते लिहितो. त्याला तुमचं वाक्य हातात दिलंत तर तो तेच उतरवतो, उलट खूशच होतो. मी ठराव घरूनच लिहून नेतो. दोन-तीन ओळी, त्यात काम काय, करणार कोण, कधीपर्यंत, कुठल्या निधीतून. एक प्रत लिपिकाला, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का. इतिवृत्त आलं की त्याच आठवड्यात वाचून दुरुस्ती लेखी कळवतो. आणि विषय क्रमांक एकला "कायम" म्हणण्याआधी अनुपालन अहवाल मागतो, म्हणजे मागच्या ठरावांचं पुढं काय झालं त्याचा लेखी हिशेब. काही जण कपाळाला आठ्या घालतात. घालू देत.

घाई

पहिल्या बैठकीत काम झालं नाही की दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज, तिसऱ्या दिवशी पत्रकार. मी माहिती अधिकाराच्या विरोधात मुळीच नाही, पण सदस्याला फाइल मागून पाहता येते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आधी मागा. नकार लेखी घ्या. मग अर्ज करा. त्या अर्जाला वजन येतं. राज्य मंडळाची बैठक कायद्यानं सहा महिन्यांतून किमान एकदा होते, आणि नियुक्त सदस्याची मुदत तीन वर्षांची. म्हणजे एक बैठक रुसव्याफुगव्यात घालवली तर सहा महिने गेले. आणखी एक नवा शॉर्टकट म्हणजे एआयकडून लिहून घेतलेलं चार पानी निवेदन. त्यात जगभरचं सगळं असतं, आपल्या दवाखान्यातल्या बंद पडलेल्या शौचालयाचा उल्लेख तेवढा नसतो.

आणखी काही, थोडक्यात

स्वतःच्या नातेवाइकाचं दिव्यांग प्रमाणपत्र अडलंय म्हणून बैठकीत विषय काढू नका. ते काम शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन करा.

कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मी पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून चालतो, त्यामुळे पायऱ्यांबद्दल अधिकारानं बोलतो. ओपीडीत नंबर पुकारला तो कर्णबधिर बाईला कसा कळणार, हे तिलाच विचारतो. "आम्हा दिव्यांगांना" अशी सुरुवात करून सगळ्यांचं परस्पर उरकू नका.

सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल, विषयपत्रिका मोठ्या अक्षरात हवी असेल, सभागृह दुसऱ्या मजल्यावर असेल, तर सभेची नोटीस मिळताच लेखी कळवा. ऐन वेळी दारात ओरडून फक्त सभा तहकूब होते.

महत्त्वाचा मुद्दा "आयत्या वेळचे विषय" मध्ये ठेवू नका. तोवर अर्धे अधिकारी उठलेले असतात.

प्रवासभत्ता मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पदरमोड करून येणारे भले सदस्य दोन बैठकांनंतर दिसेनासे होतात, आणि खुर्चीवर कुणाचा तरी पुतण्या येतो.

मुदत संपली की ठरावांच्या प्रती घरी माळ्यावर टाकू नका. नव्या सदस्याला फोन करून फाइल नेऊन द्या, आणि कुठल्या ठरावाचं अनुपालन बाकी आहे त्यावर खूण करून द्या.