श्वसनाचा जुनाट आजार असलेल्या मुलांचं जीवनमान कसं मोजावं?

स्पायरोमेट्रीच्या (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यावरून मूल कसं आहे ते कळतं, असं कोणी सांगितलं तर कानाडोळा करा. खोकल्याने झोपमोड होते का, सगळे खेळत असताना हे बाजूला बसून असतं का, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं.

१. प्रश्नावली निवडा. दम्यासाठी पीएक्यूएलक्यू (७ ते १७ वर्षं, २३ प्रश्न, मागच्या एका आठवड्याबद्दल), सिस्टिक फायब्रोसिससाठी (फुफ्फुसांत घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) सीएफक्यू-आर (मागच्या दोन आठवड्यांबद्दल). बाकी आजारांना पेड्सक्यूएल ही मुलांच्या जीवनमानाची सर्वसाधारण प्रश्नावली चालते. भाषांतर अधिकृतच घ्या, घरगुती नको.

२. आई-बाबांना खोलीबाहेर बसवा. सगळं घोडं इथेच अडतं. "तो लाजतो, मी सांगते ना" हे वाक्य हमखास येतं, आणि आईला दुखवायला नको म्हणून बरेच जण मान डोलावतात. अजिबात डोलावू नका. आई समोर असली की मूल प्रश्न ऐकतं आणि उत्तरासाठी आईच्या तोंडाकडे बघतं. पेड्सक्यूएल आणि सीएफक्यू-आरमध्ये पालकांचा फॉर्म वेगळा असतो, तो त्यांना त्याच वेळी बाहेर भरू द्या. दोन्हींत फरक पडला तर सरासरी काढू नका. आईला काळजी दिसते, मुलाला मैदान दिसतं; दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवा.

दुसरा फास "नाही"चा. "धावताना त्रास होतो?" "नाही." का? तर ते धावतच नाही, कधीचं सोडून दिलंय! मूळ पीएक्यूएलक्यूमध्ये म्हणूनच मुलाला दम्यामुळे जड जाणाऱ्या तीन गोष्टी स्वतः निवडायला सांगतात. इथे घाई नको. जिना, सायकल, मोठ्याने हसणं, काहीही येऊ द्या. त्या तीन गोष्टी लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच विचारायच्या, नवीन नाहीत. प्रश्न छापलाय तसाच वाचा. "म्हणजे फार नाही ना?" अशी पुस्ती जोडलीत तर उत्तर तुमचं झालं, मुलाचं नाही. पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी पेड्सक्यूएलमध्ये चेहऱ्यांची तीन चित्रं असतात; बोट ठेवू द्या, मध्ये बोलू नका.

३. गुण काढा. पेड्सक्यूएलमध्ये ० ते ४ ची उत्तरं उलटी करून १०० पैकी मोजतात: ० म्हणजे १००, १ म्हणजे ७५, असं खाली. एखाद्या भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे असतील तर त्या भागाचे गुण काढू नका.

४. पुन्हा मोजा, त्याच पद्धतीने. आधी वाचून दाखवलं असेल तर नंतरही वाचूनच. पीएक्यूएलक्यूच्या सात गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ०.५ ने हलली तर मुलाला फरक जाणवलाय असं धरतात. पेड्सक्यूएलच्या एकूण गुणांत साधारण ४.५. त्याहून कमी हललं म्हणून औषध बदलायची घाई करू नका.