देवाच्या राज्याची भविष्यवाणी वाचताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती बायबल अभ्यासात दानीएल किंवा प्रकटीकरण उघडलं की तीन प्रश्न हमखास निघतात: चौथं राज्य कोणतं, 666 म्हणजे कोण, आणि हे सगळं केव्हा होणार? प्रश्न योग्यच आहेत. गडबड होते ती उत्तर कुठं शोधायचं यात. शास्त्रात चार ओळी पुढं खुलासा लिहिलेला असताना आपण तो बातम्यांत आणि मोबाईलवर आलेल्या व्हिडिओत शोधत बसतो.

दिलेला खुलासा न वाचता अर्थ लावणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथूनच होतो. दानीएल 2 मधला, बाबेलच्या राजाच्या स्वप्नातला पुतळा घ्या. त्याचा एकेक धातू म्हणजे एकामागून एक येणारं राज्य. डोकं सोन्याचं, छाती आणि बाहू रुप्याचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावलं लोखंड-मातीची. सोन्याचं डोकं म्हणजे तूच, असं दानीएल 2:38 मध्ये नबुखद्नेस्सर राजाला तोंडावर सांगतो. पुढं 8:20-21 मध्ये दुसऱ्या एका दृष्टांतातला एडका म्हणजे मेदी-पारसी राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, हेही नाव घेऊन सांगितलंय. चौथ्या राज्याचं नाव मात्र मजकुरात नाही. बहुतेक ख्रिस्ती परंपरेनं ते रोम मानलं. काही अभ्यासक मेदी आणि पारसी ही दोन राज्यं वेगळी मोजतात आणि चौथं ग्रीक धरतात. त्यांच्या मते सातव्या अध्यायातलं लहान शिंग म्हणजे इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळणारा राजा अंतियोख एपिफानेस. आठव्या अध्यायात मेदी आणि पारसी ही एकाच एडक्याची दोन शिंगं आहेत, म्हणून आम्हाला पहिला अर्थ जास्त पटतो. तरी दुसरा मानणाऱ्याला सभेतून उठवण्याचं काही कारण नाही.

आता पावलांची बोटं. बोटं दहा, म्हणून आजच्या दहा देशांची यादी लावणारे वक्ते आपल्याकडंही येतात. दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत वाचून बघा, बोटं दहा होती असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. दहाचा आकडा 7:7 मधल्या शिंगांचा आहे. आणि बोटांवर तास घालवताना ज्यासाठी स्वप्न दिलं तो दगडच राहून जातो. माणसाचा हात न लागता सुटलेला, पुतळ्याच्या पावलांवर आदळून सगळी पृथ्वी व्यापणारा डोंगर होणारा तो दगड म्हणजे देवाचं राज्य (2:34-35, 44).

उपाय सोपा आहे. वहीच्या पानावर चार रकाने आखा: काय दिसलं; त्याच पुस्तकात खुलासा कुठं आहे; पहिल्या ऐकणाऱ्यांना त्यातून काय कळलं असेल; नव्या करारात ते कुठं येतं. प्रकटीकरणासाठीही हेच चालतं. सात समया म्हणजे सात मंडळ्या (1:20), सात डोकी म्हणजे सात डोंगर (17:9), जलं म्हणजे लोक आणि राष्ट्रं (17:15). दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवा. तिथं वर्तमानपत्रातलं नाव भरू नका.

प्रकटीकरण 13:18 मधला श्वापदाचा आकडा 666, त्याचंही तसंच. रोमी सम्राट नीरो कैसर याचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की 666 येतात. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा 616 आहे, आणि त्याच नावाचं लॅटिन रूप घेतलं तर बेरीज तेवढी होते. आधार कार्ड किंवा बारकोड ही श्वापदाची खूण, असा मेसेज आला तर 13:18 ला थांबू नका, लगेच पुढचं 14:1 वाचा. तिथं कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. प्रश्न आहे तो उपासना कोणाची आणि मालकी कोणाची, हा.

सगळं एकदाच घडेल असं धरणं

खानापूरच्या मोकळ्या शिवारातून पश्चिमेला बघितलं की डोंगरांच्या रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. मधलं खोरं तिथं गेल्यावरच कळतं. संदेष्ट्यांनी राज्य असंच पाहिलं. यशया 61:2 मध्ये प्रभूचा प्रसादसमय आणि सूड घेण्याचा दिवस एकाच वाक्यात आहेत. येशूनं नासरेथच्या सभास्थानात हाच भाग वाचला आणि पहिल्या अर्ध्यावर थांबून पुस्तक मिटलं. मग म्हणाला, हा लेख आज तुमच्या कानी पडताच पूर्ण झाला (लूक 4:16-21). पूर्ण झाला तो वाचलेला भाग.

म्हणून राज्य ‘आलंय’ हेही खरं (मत्तय 12:28) आणि ‘येवो’ ही प्रार्थनाही खरी (मत्तय 6:10). नुसतं पहिलं धरलं तर आजचं दुःख आणि अन्याय यांना उत्तर राहत नाही. नुसतं दुसरं धरलं तर येशूनं केलेल्या कामाला किंमत राहत नाही आणि माणसं हातावर हात ठेवून वाट बघत बसतात. या दोन्हींच्या मधल्या काळासाठी मत्तय 13 आहे: मोहरीचा दाणा, खमीर, कापणीपर्यंत गव्हाबरोबर वाढणारं निदण. वचन कुठं बसवायचं ते कळेनासं झालं की आधी हा अध्याय उघडा.

इथंच आणखी एक गोष्ट. 1956 पासून हद्दीचा वाद ऐकत आलेल्या आपल्या भागात राज्याचा विचार चटकन नकाशावर जातो. शिष्यांचाही गेला होता. इस्राएलाचं राज्य याच काळात परत देणार का, असं त्यांनी विचारलं (प्रेषितांची कृत्ये 1:6-8). उत्तरात त्यांना तारीखही मिळाली नाही आणि सीमारेषाही. पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षी होण्याचं काम मिळालं.

तारीख काढणं

गणित बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं. येशूच्या पुन्हा येण्याची वेळ काढताना अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी दानीएल 8:14 मधल्या 2300 संध्याकाळ-सकाळ म्हणजे 2300 वर्षं धरली आणि इ.स.पू. 457 पासून मोजली. 2300 मधून 457 गेले, राहिले 1843. शून्य हे वर्ष नसल्यानं एक वाढवलं, 1844. शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरला. काही अनुयायांनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस आला आणि गेला. बेरीज-वजाबाकी नीट होती; दिवसाला वर्ष धरणं आणि मोजणीची सुरुवात तिथूनच करणं, या दोन्ही गोष्टी त्या वचनानं सांगितलेल्या नव्हत्या. इस्राएल देश झाला त्या 1948 मध्ये 40 मिळवून 1988 काढणाऱ्यांचंही असंच झालं.

प्रकटीकरणातले 42 महिने, 1260 दिवस आणि साडेतीन काळ एकच मुदत दाखवतात. 42 गुणिले 30 म्हणजे 1260. भिंतीवरच्या कॅलेंडरानं साडेतीन वर्षांचे जवळजवळ 1278 दिवस भरतात. म्हणून त्या आकड्यावरून पुढची तारीख मोजू नका. छळाला मर्यादा घातलेली आहे, हे तो आकडा सांगतो. मार्क 13:32 नंतर तारीख देणाऱ्याला एवढंच विचारा: जे पुत्रालाही ठाऊक नव्हतं ते तुम्हाला कसं कळलं? अशा सभेनंतर कुणी भातकापणी सोडली, मुलांची फी थांबवली, जमीन विकायला काढली, तर 2 थेस्सलनीका 2:2 आणि 3:10-12 त्याच्याबरोबर बसून, घाई न करता वाचा. त्या मंडळीतही हेच झालं होतं.

क्रम आणि अटी

प्रकटीकरण सरळ रेषेत चालत नाही. सातवा कर्णा वाजतो तेव्हा राज्य ख्रिस्ताचं झालंय (11:15), आणि लगेच 12:5 मध्ये मुलाचा जन्म येतो. शिक्के, कर्णे, वाट्या एकामागून एक तक्त्यावर लावताना अडलात तर मागच्या गोष्टीची उजळणी चालू आहे का, ते तपासा. इशाऱ्याच्या भविष्यवाणीत अटही असू शकते: निनवेला 40 दिवस दिले होते, लोक वळले आणि नगर वाचलं. त्याचा नियम यिर्मया 18:7-10 मध्ये आहे.

हजार वर्षांवरून फूट

प्रकटीकरण 20 मधली हजार वर्षं येशूच्या येण्यानंतरची (मंडळीचे जुने शिक्षक युस्तिन आणि इरेनियस यांचं मत), आत्ताच्या मंडळीच्या काळाची (त्यांच्यानंतरच्या ऑगस्टिनचं मत), की सुवार्तेच्या विजयातून येणारी, यावर मेथडिस्ट, कॅथलिक आणि पेंटेकोस्टल नातेवाईक एका ताटात जेवतानाही वाद घालतात. वाद घाला. पण सुरुवातीलाच नायसीन विश्वासांगीकारातली, म्हणजे मंडळीच्या जुन्या विश्वासाच्या कबुलीतली ओळ मिळून म्हणा, त्याच्या राज्याला अंत नाही. ती तिघांचीही आहे.

अशा मिश्र सभेत वचन सापडत नसेल तर आवृत्ती बघा. कॅथलिक बायबलमध्ये दानीएलचे 14 अध्याय असतात, प्रोटेस्टंटमध्ये 12. तिसऱ्या अध्यायात मध्येच प्रार्थना आणि स्तोत्र आहे, त्यामुळं एकाचं 3:24 ते दुसऱ्याचं 3:91. योएल 2:28 काही आवृत्त्यांत 3:1 असतं. सातव्या अध्यायाचे आकडे जुळतात, म्हणून एकत्र वाचन तिथूनच सुरू करा.