विदेशी खाद्यतेल टाळायचंय? मग ब्रँड नको, तेल कुठलं ते बघा

विदेशी तेल बंद करा म्हणून फॉरवर्ड येतात ना, खाली ब्रँडची यादी वगैरे, ती सरळ डिलीट मारा. कंपनी अस्सल देशी असली तरी आतलं कच्चं तेल जहाजाने गुजरातच्या कांडला बंदरात उतरलेलं असू शकतं, इथे फक्त रिफाइन होऊन पिशवीत भरलंय. आपल्याकडे लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं, त्यामुळे पूर्ण टाळणं विसरा, कमी मात्र नक्की करता येतं.

दुकानात एवढंच बघायचं. पाम म्हणजे जवळजवळ सगळं इंडोनेशिया-मलेशियाचं. सूर्यफूल बहुतेक रशिया, युक्रेन, अर्जेंटिनाचं, २०२२ ला युद्ध सुरू झालं तेव्हा भाव कसे भडकले ते आठवत असेलच. सोयाबीन मिक्स, थोडं आपलं, बरंच अर्जेंटिना-ब्राझीलचं. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी हे मुख्यतः इथलंच. ऑलिव्ह ऑइल फोडणीला कशाला हवंय ते मला अजून कळलेलं नाही.

आता पिशवी उलटी करा. समोर शेंगदाण्यांचा मोठा फोटो आणि मागे बारीक अक्षरात 'ब्लेंडेड', असं असेल तर कुठलं तेल किती टक्के ते लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण २० टक्के शेंगदाणा आणि ८० टक्के दुसरंच काहीतरी असंही चालतं. वजनही बघा, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, स्वस्त वाटणारी पिशवी कधीकधी ८०० ग्रॅमचीच निघते. आणि खरं पाम पिशवीतून कमी, बिस्किट, फरसाण, वेफर्समधूनच जास्त पोटात जातं, तिथे घटकांमध्ये पामोलीन (म्हणजे पाम तेलच) शोधा. घरचं तेल बदलून रोज फरसाण खाल्लं तर काय उपयोग?

यातून आपल्या शेतकऱ्याला लगेच भाव मिळेल असंही धरून चालू नका. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून २० टक्के केली, तरी त्या हंगामात लातूरला सोयाबीन क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच जात होतं. सोयाबीनमध्ये तेल निघतं १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंड, मग पेंडीला उठाव नसेल तर नुसत्या तेलाने भाव कसा वर येणार. मे २०२५ ला ती ड्युटी कमी करून १० टक्क्यांवर आणली ते वेगळंच. करडई, शेंगदाण्याचं गणित जरा बरं, कारण तिथे भाव मुख्यतः तेलावर ठरतो.

बजेट टाइट असेल तर सोयाबीनच वापरा, काही पाप लागत नाही, महिन्याचं अर्धा लिटर कमी करा फक्त. परवडत असेल तर रोजच्या भाजीला करडई किंवा शेंगदाणा. घाण्यावरून काढून घेणार असाल तर पेंड कोणाची ते आधीच बोलून घ्या, लिटरमागे अडीच किलोच्या आसपास दाणे जातात म्हणजे पेंडही बरीच निघते. आणि एकदम मोठा डबा भरून ठेवू नका, खवट होतं.