परसात आंब्याचे कलम लावताना

आंब्याचे कलम पावसाळ्यात लावायचे असले, तरी त्याची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. मृगाचा पाऊस पडल्यावर रोपवाटिकेतून कलम आणायचे, दुपारी घाईने खड्डा खणायचा आणि संध्याकाळपर्यंत लावून मोकळे व्हायचे, ही पद्धत फार घरांतून दिसते. पुढे दोन पिढ्या फळ देऊ शकणाऱ्या झाडासाठी ती मुळीच योग्य नाही.

जात निवडताना आधी आपली जागा आणि हवामान पाहावे. हापूस कोकणच्या किनारपट्टीवर खुलतो, तर देशावर आणि मराठवाड्यात केसर अधिक भरवशाचा ठरतो. घरापुरते एकच झाड लावायचे असेल, तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेल्या व १९८१ साली प्रसारित झालेल्या ‘रत्ना’ या जातीचा मी आग्रहाने विचार करायला सांगेन, कारण तिच्या फळात साका (गर आतून पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट होणे) होत नाही आणि हापूससारखे एक वर्ष आड फळ धरण्याची तिची खोड नाही. अंगण लहान असेल, तर ठेंगणी राहणारी ‘आम्रपाली’ चांगली. कोणतीही जात घेतली, तरी घराची भिंत, सांडपाण्याची टाकी आणि विजेच्या तारा यांपासून किमान पंधरा ते वीस फूट अंतर राखावे, आणि जिथे दिवसभर ऊन मिळते अशीच जागा निवडावी.

खड्डा एप्रिल-मे महिन्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खणून उन्हात तापू द्यावा. खणताना वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा, कारण भरताना आपल्याला वरचीच माती हवी असते. खड्डा रिकामा असतानाच त्यात एकदा पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर तिथे निचरा होत नाही असे समजावे. काळ्या मातीत असे हमखास होते, आणि अशा ठिकाणी फूटभर उंचीचा पसरट उंचवटा करून त्यावर कलम लावणे हाच उपाय आहे.

मेअखेर तळाशी पालापाचोळ्याचा थर देऊन त्यावर वरची माती, तीन-चार घमेली चांगले कुजलेले शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरावे. शेणखत अर्धवट कुजलेले असेल, तर वाळवीला आमंत्रण मिळते. खड्डा जमिनीच्या वर अर्धा फूट येईल इतका भरावा आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती पुरती बसेपर्यंत थांबावे. या थांबण्याला अनेक जण कंटाळतात, पण सारे काही त्यावर अवलंबून आहे. भुसभुशीत मातीत लावलेले कलम मातीबरोबर खाली जाते आणि त्याचा सांधा, म्हणजे खालचा खुंट (मूळ रोप) आणि वरची जातिवंत फांदी जिथे जोडलेली असते ती जागा, गाडला जातो.

आमच्या परसातले पहिले कलम मी असेच घाईने लावले होते. पावसाळा संपेपर्यंत सांधा चार बोटे मातीखाली गेला, खालच्या खुंटाला फुटवा आला, आणि मातीतून वर आलेला तो जोमदार, तांबूस पालवीचा फुटवा मला कलमाचीच फांदी वाटला. खुंट हा रायवळ कोयीचा असतो व त्याची वाढ दणकट असते. त्याच्यापुढे मूळची केसरची फांदी मागे पडली आणि वाळून गेली. सातव्या वर्षी हाती आले ते आंबट, धागेदार आंबे. ती सात वर्षे परत मिळत नाहीत, म्हणूनच हा मुद्दा इतक्या विस्ताराने सांगतो आहे.

कलम घेताना उंचीला भुलू नये. पिशवीत तीन वर्षे वाढलेल्या मोठ्या कलमाची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असतात. त्यापेक्षा वर्षभराचे, दीड-दोन फुटांचे, सांधा नीट जुळलेले आणि पाने पक्व झालेले कोय कलम (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेले कलम) चांगले रुजते. कोवळी पालवी असताना कलम हलवू नये.

लावण्यासाठी ढगाळ दिवसाची संध्याकाळ निवडावी. बसलेल्या मातीत पिशवीच्या मातीच्या गोळ्याएवढाच खळगा करावा, पिशवी ब्लेडने उभी चिरून अलगद काढावी आणि गोळा न फोडता कलम त्यात ठेवावे. गोळ्याचा वरचा भाग आजूबाजूच्या मातीच्या पातळीत आणि सांधा त्या पातळीच्या स्पष्ट वर राहिला पाहिजे. माती हाताने दाबावी, पायाने तुडवू नये. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी अजून असेल, तर ती कापून टाकावी, नाहीतर खोड जाड होताना ती सालीत रुतते. शेजारी काठी रोवावी आणि काठी व खोड यांच्या मध्ये सुतळीचा एक पीळ देऊन कलम सैलसर बांधावे.

यानंतर दर पंधरा दिवसांनी सांध्याच्या खाली हात फिरवून पाहावे आणि तिथे आलेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच खुडावा. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. पाऊस गेल्यावर हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने झावळ्यांची सावली करावी.

कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहोर येतो आणि घरातली मुले हरखतात; तरीही पहिली तीन वर्षे तो खुडूनच टाकावा, म्हणजे झाडाची ताकद खोड आणि फांद्यांकडे जाते. चौथ्या वर्षी झाड छातीच्या वर गेले असेल आणि फांद्या चारी बाजूंना सुटल्या असतील, तर मोजकी फळे धरू द्यावीत.